कोंडवाड्यातली द्राक्षं

उर्दू-फारसी शायरीत वाइनला एक देखणं नाव आहे : ‘दुख्तर-ए-रज’, म्हणजे द्राक्षवेलीची लेक. या लेकीच्या रूपावर, तिच्या नखऱ्यांवर शायरांनी शतकानुशतकं शेर लिहिले. साकी आला, सुरई आली, प्याला आला. ज्यांच्या घरात ती वर्ज्य, त्या आमच्यासारख्यांनीही गझलेत तिला बिनदिक्कत पाहुणी म्हणून बोलावलं. पण या लेकीचं माहेर कुठलं, तिच्या आईला वाऱ्यापावसापासून कोणी जपलं, भोवतीचं कुंपण कोणी घातलं, याची चौकशी शायरीनं क्वचितच केली. आज आपण अशाच एका माहेरी जाऊ या. गाव लांबचं आहे, वाट समुद्राची आहे, आणि पोचल्यावर आधी दिसणार आहे तो नुसता दगड.

लिस्बनहून पश्चिमेला अटलांटिक महासागरात सोळा-सतराशे किलोमीटर गेलं की अझोर्स नावाची नऊ बेटं लागतात. ती पोर्तुगालची. त्यातलं एक पिको. पिको म्हणजे शिखर, आणि नाव अगदी सार्थ आहे. बेटावर एक ज्वालामुखी उभा आहे, उंची २३५१ मीटर. सगळ्या पोर्तुगाल देशात याहून उंच डोंगर नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, यावरून अंदाज करा. आणि हा डोंगर थेट समुद्रातून वर आलेला. बेटाची लांबी ४६ किलोमीटर, रुंदी सोळाच्या आत, वस्ती जेमतेम चौदा हजार.

इथला दगड मराठी माणसाला परका वाटणार नाही. तो काळा आहे, जड आहे, आणि त्याचं नाव बेसॉल्ट. आपला सह्याद्री ज्या दगडाचा, अजिंठ्याची लेणी ज्या दगडात कोरली, तोच हा. फरक वयाचा आहे. दख्खनचा लाव्हा वाहिला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. एवढ्या काळात ऊन-पावसानं त्याचा भुगा केला आणि आपल्याला कापसाची काळी माती मिळाली. पिको बेटाचं वय तीन लाख वर्षांच्या आसपास. भूगर्भाच्या हिशेबात ते कालचं पोर. त्याच्या दगडाला माती व्हायला अजून सवडच मिळालेली नाही. आपण ज्या काळ्या आईला हात जोडतो, तिची माती होण्याआधीची अवस्था पाहायची असेल तर पिकोला जावं.

पंधराव्या शतकात पोर्तुगीजांना ही बेटं सापडली तेव्हा तिथं माणूस नव्हता. त्या शतकाच्या उत्तरार्धात पिकोवर वस्ती झाली. आलेल्यांना गहू पेरायचा होता, पण पेरणार कशात? बेटाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला किनाऱ्यालगत मैलच्या मैल नुसता थिजलेला लाव्हा. लोकांनी त्याला नावं दिली तीही बघा. गुळगुळीत, फरशीसारख्या पसरलेल्या लाव्ह्याला ‘लाजिदो’ म्हणजे फरसबंदी. खडबडीत, तुकड्यातुकड्यांच्या लाव्ह्याला ‘बिस्कोइतो’, म्हणजे चक्क बिस्किट! आणि त्यांच्या डोळ्यांदेखत १५६२ साली, पुढे १७१८ आणि १७२० साली डोंगराच्या कुशीतून जो नवा लाव्हा उसळला, शेतं गिळत गेला, त्याला ‘मिस्तेरियो’. गूढ. हे काय घडलं ते कळेना, म्हणून त्याला गूढच म्हणून टाकलं. शब्दकोशात बसून इतका नेमका शब्द सापडला नसता.

गव्हानं नकार दिला तिथं द्राक्षवेलीनं होकार दिला. दगडाच्या भेगेत चिमूटभर माती असली तरी वेल मूळ धरते आणि मुळं खोल ओलाव्याच्या शोधात जातात. जोगी आणि मठवासी धर्मगुरू यांनी पहिल्या वेली आणल्या असं बेटाची परंपरा सांगते. ख्रिस्ती उपासनेला वाइन लागतेच. भेगेत माती नसेल तिथं समोरच्या फायाल बेटावरून नावेतून माती आणून घातली, असंही सांगतात.

पण लावणी हा सोपा भाग होता. अडचण वाऱ्याची होती. महासागराचा वारा खारं पाणी उडवत येतो आणि कोवळं पान जाळून टाकतो. शिवाय जमिनीवर सुटे दगड इतके की पाय ठेवायला जागा नाही. पिकोच्या लोकांनी या दोन अडचणींना एकमेकींच्या अंगावर घातलं. दगड वेचले आणि त्यांच्याच भिंती रचल्या. चुना नाही, माती नाही, दगडावर नुसता दगड. कोकणात आपण ज्याला गडगा म्हणतो तसा. एका भिंतीला दुसरी आडवी, तिला तिसरी, असे हजारो छोटे छोटे चौकोन झाले. एकेका चौकोनात मोजक्या वेली. या चौकोनाला तिकडे ‘कुर्राल’ म्हणतात, म्हणजे गुरांचा कोंडवाडा. वेली कोंडवाड्यात घातल्या त्या पळून जाऊ नयेत म्हणून नव्हे, वाऱ्यानं पळवून नेऊ नये म्हणून.

या भिंतींची एक खुबी आहे. त्या घट्ट नाहीत. दगडादगडांत फटी आहेत. भिंत लिंपून बंद केली असती तर वाऱ्यानं ती एक दिवस आडवी केली असती, किंवा तिच्यावरून उडी मारून आतल्या वेलींवर आदळला असता. फटींतून वारा येतो, पण चाळून येतो, जोर घालवून येतो. आणि पीठ चाळताना कोंडा वर राहावा तसं मीठही बरंचसं भिंतीवरच राहतं. या सगळ्या भिंती एकापुढे एक ठेवल्या तर विषुववृत्ताला दोनदा वेढा पडेल असं तिथं सांगतात. टेप घेऊन कोणी मोजलं असेल असं मला वाटत नाही. पण विमानातून काढलेले फोटो पाहिले की विश्वास ठेवावासा वाटतो. काळ्या दोऱ्यानं विणलेलं जाळं समुद्रकाठी वाळत घातल्यासारखं दिसतं.

आता या वाइनला ‘थंड हवेची’ का म्हणायचं? नकाशावर पिको साधारण लिस्बनच्याच अक्षांशावर आहे, आणि लिस्बनचा उन्हाळा काही थंड नसतो. पण चहूबाजूंनी महासागर असल्यामुळे इथं उन्हाळ्यातही पारा पंचविशीच्या आसपासच रेंगाळतो. ढग डोंगराला सतत बिलगलेले. अशा हवेत द्राक्ष सावकाश पिकतं, गोडी बेतानं चढते आणि आंबटपणा टिकून राहतो. थंड प्रदेशातल्या वाइनचं मर्म हा टिकलेला आंबटपणाच, असं जाणकार म्हणतात. मात्र हवा फार थंड राहिली तर द्राक्ष पिकणारच नाही. इथं पुन्हा तो काळा दगड कामी येतो. दिवसा तो ऊन पितो आणि रात्री सावकाश सोडतो. म्हणून इथल्या वेली मांडवावर चढवत नाहीत, तारेवर ताणत नाहीत; त्या दगडालाच अंग टेकून जमिनीसरशी पसरतात. चुलीजवळ झोपलेल्या मांजरासारख्या. मळा समुद्राच्या जितका जवळ, तितका डोंगरावरचा ढग लांब आणि ऊन जास्त. म्हणून उत्तम मळ्याची तिथली खूण अशी सांगतात की, तिथं बसलं असता खेकड्यांचं गाणं ऐकू आलं पाहिजे. माझ्या मते ही ओळ एखाद्या कवीला सुचायला हवी होती. सुचली ती शेतकऱ्यांना.

बेटावर वाहती नदी नाही. पाऊस भरपूर, पण पाणी दगडाच्या फटींतून खाली निघून जातं. म्हणून किनाऱ्यालगत विहिरी खोदल्या; भरती आली की त्यांतलं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. मचूळ पाणी. मळ्यात वाइन पिकवणारा माणूस तहानेला हे मचूळ पाणी पीत होता. पिंपं बंदरात न्यायची तर बैलगाडी लाव्ह्यावरून हाकायची. शेकडो वर्षं त्याच वाटेनं चाकं फिरली आणि दगडात चाकोऱ्या पडल्या. त्या आजही दिसतात. ‘चाकोरी’ हा शब्द आपण हलक्या मनानं वापरतो. इथं तो दगडात कोरलेला आहे. किनाऱ्याशी दगड तासून उतार केलेत, त्यांवरून भरलेली पिंपं घरंगळत नावेपर्यंत नेत.

नावा जात समोरच्या फायाल बेटावर, ओर्ता बंदरात. मधला समुद्र सात-आठ किलोमीटरचा. आणि इथंच या इतिहासातला मला खुपणारा भाग सुरू होतो. मळ्यांचे बरेचसे मोठे मालक पिकोवर राहतच नव्हते. ते ओर्ताचे धनिक, व्यापारी, मठ. सुगीच्या दिवसांत कुटुंबकबिल्यासह पिकोवर येत, समुद्रकाठच्या घरांत मुक्काम करत, आणि पिंपं भरली की परत जात. मोठं, सुरक्षित बंदर ओर्ताचं. जहाजं तिथं नांगर टाकत. त्यामुळे ही वाइन जगाच्या बाजारात गेली ती ‘फायाल वाइन’ म्हणून. फायालची माती सुपीक, तिथं गहू पिकायचा. वेल पिकोची, दगड पिकोचा, पाठ मोडली ती पिकोच्या माणसाची, आणि पिंपावर नाव शेजारच्या बेटाचं. आपल्याकडे वडारांनी दगड घडवले आणि वाड्यांना नावं मालकांची लागली, त्यातलाच हा प्रकार.

इतक्या आडबाजूच्या बेटाला गिऱ्हाईक मिळालं कसं, हा प्रश्न कोणालाही पडेल. पण आडबाजू ही काळाप्रमाणे बदलते. शिडाच्या जहाजांच्या काळात अझोर्स हा महासागरातला हमरस्ता होता. आणि त्या रस्त्याचं एक टोक थेट आपल्या दारात होतं. गोव्याहून, कोचीनहून मिरी-मसाला भरून परतणारी पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेला वळसा घालून वर येत तेव्हा वाऱ्याच्या सोयीनं त्यांना समुद्रात खूप पश्चिमेकडून यावं लागे, आणि अझोर्सला थांबा घेतल्याशिवाय गत्यंतर नसे. तेर्सेइरा बेटावरचं आंग्रा हे त्यांचं ठरलेलं बंदर. (या नावाचा आपल्या आंग्र्यांशी काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये ‘आंग्रा’ म्हणजे समुद्राची आत शिरलेली खोबण.) वास्को द गामाचा भाऊ पावलो हिंदुस्थानच्या पहिल्या सफरीवरून परतताना १४९९ साली याच आंग्रात वारला आणि तिथंच त्याचं दफन झालं.

दुसरं उदाहरण यान हाउखेन फान लिन्सखोटेन या डच माणसाचं. हा १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा कारकून होता. परतीच्या प्रवासात १५८९ साली तो तेर्सेइराला पोचला आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथंच अडकून पडला. १५९६ साली त्याचं ‘इतिनेरारियो’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. गोव्याचे बाजार, इथली झाडं, फळं, चालीरीती ज्या पुस्तकात आहेत, त्याच पुस्तकात अझोर्सची बेटंही आहेत. आपल्या अभ्यासकांनी या पुस्तकाचं गोव्याचं प्रकरण पुष्कळ चाळलं. पुढची पानंही उलटून पाहावीत अशीच आहेत.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात या वाइनची चलती होती. १८०६ साली बोस्टनचे जॉन बास डॅबनी अमेरिकेचे वकील म्हणून ओर्ताला नेमले गेले. पुढे त्यांचा मुलगा, मग नातू, अशा तीन पिढ्यांनी १८९२पर्यंत ते पद सांभाळलं. वकिलातीबरोबर व्यापारही. अमेरिकेकडे जाणाऱ्या मालात पिकोची वाइन होती. रशियाच्या झारच्या दरबारी ती जात असे आणि १९१७च्या क्रांतीनंतर राजवाड्याच्या तळघरात तिच्या बाटल्या सापडल्या, ही गोष्ट तर पिकोवर आजही हटकून ऐकवली जाते. वेर्देल्यो हे त्या द्राक्षाचं नाव, पांढरं द्राक्ष.

मग १८५२ साल उजाडलं.

नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना मी आता जे सांगणार आहे ते समजावून सांगावं लागणार नाही. वेलीच्या पानांवर, कोवळ्या घडांवर राख उडाल्यासारखी पांढुरकी बुरशी दिसू लागली. मणी वाढायचे थांबले, तडकले, कुजले. ही भुरी. आपला बागायतदार ज्या भुरीच्या नावानं ढगाळ हवेत रात्रभर जागा राहतो, तीच. मूळची ती अमेरिकेची. युरोपात ती पहिल्यांदा दिसली १८४५ साली इंग्लंडमधल्या एका काचघरात. तिथून फ्रान्स, मग मदेरा बेट, मग अझोर्स. भुरीला काय लागतं? दमट, ढगाळ, ना फार गरम ना फार गार हवा. म्हणजे पिकोची हवा. ज्या हवेनं या वाइनला तिची चव दिली होती, त्याच हवेनं तिचा घात केला. भिंतींनी वारा अडवला होता, मीठ अडवलं होतं. फटींतून येणाऱ्या भुरीच्या कणाला त्या काय अडवणार?

गंधकाची भुकटी धुरळली की भुरी आटोक्यात येते, हे त्याच दशकात फ्रान्समध्ये सिद्ध झालं. आपल्याकडे आजही गंधक वापरतातच. पण दूरच्या बेटावर गंधक पोचायचं, परवडायचं आणि लोकांना त्याची खात्री पटायची, तोवर दोन-चार हंगामांत मळे बसले. त्यातून जे सावरू पाहत होते त्यांना पुढच्या काही दशकांत फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं गाठलं. तीही अमेरिकेचीच.

यानंतरचं सगळं झपाट्यानं झालं. मालकांना दुसरे धंदे होते. पिकोच्या माणसाला पर्याय दोनच उरले, समुद्र आणि परदेश. अमेरिकन देवमाशांची शिकारी जहाजं ओर्ताला थांबत आणि खलाशी उचलत. पिकोचे तरुण त्यांवर चढले ते मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला उतरले. मागे राहिलेल्यांनी कोंडवाड्यांत अंजिरं लावली, अंजिराची दारू गाळली. वेलींच्या जागी इझाबेला ही अमेरिकन जात आली. ती भुरीला सहसा दाद देत नाही. तिच्या वाइनला उग्र वास. तिकडे नावच ‘वासाची वाइन’. आपल्या बाजारात काळी द्राक्षं म्हणून येणारी बंगलोर ब्ल्यू हीही याच जातकुळीतली मानतात. जाणकार तिला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. जवळजवळ शंभर वर्षं गरिबाच्या घरी सणासुदीला जी होती, ती हीच.

शिडं गेली, वाफेची जहाजं आली, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानचा रस्ता अझोर्सला सोडून गेला. हमरस्ता होता तो आता खरोखर आडरस्ता झाला. १९५७ साली शेजारच्या फायालला समुद्रात नवा ज्वालामुखी फुटला, तेरा महिने राख पडत राहिली. अमेरिकेनं १९५८ साली खास कायदा करून अझोर्सच्या निर्वासितांना प्रवेश दिला आणि पुन्हा हजारो लोक गेले. पिकोवर रान माजलं. भिंती झुडपांत बुडाल्या. भिंत रचायला पिढ्या लागतात. ती दिसेनाशी व्हायला एखादी पिढी पुरते.

काही जण मात्र राहिले. १९४९ साली मादालेना गावात सहकारी वाइन संस्था निघाली. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो. तिकडेही कल्पना तीच, प्रत्येकाचा माल थोडा, यंत्रं सगळ्यांची मिळून. आपल्या घरामागच्या दोन-चार कोंडवाड्यांत वेर्देल्यो, अरिंतो दोस असोरेस, तेर्रांतेझ दो पिको या जुन्या जाती जपणारी म्हातारी माणसंही होती. अरिंतो नावाची दुसरी एक जात पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर आहे, म्हणून हिलाही तिचीच बहीण समजत. तपासणीत दोघी अगदी वेगळ्या निघाल्या. तेर्रांतेझची गत तर अशी होती की एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर तिच्या शंभरही वेली उरल्या नव्हत्या, असं सांगतात.

२००४ साली युनेस्कोनं पिकोच्या या मळ्यांना जागतिक वारशात घेतलं. संरक्षित क्षेत्र ९८७ हेक्टर. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लेणी, देवळं येतात. इथं राजा नाही, शिल्पकार नाही, शिलालेख नाही. शेतातले दगड उचलून बाजूला ठेवले, एवढंच काम. पण ते काम जगानं वारसा म्हणून मान्य केलं. याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यानंतर सरकारी मदतीनं रान तोडून भिंती पुन्हा उभ्या करण्याचं काम वाढलं. २०१४ साली अंतोनियो मासानिता आणि त्यांच्या दोन साथीदारांनी ‘अझोर्स वाइन कंपनी’ काढून जुन्या तीन जातींवर भर दिला. आता ही वाइन परदेशांत महाग विकली जाते, आणि तिच्यात समुद्राची खारट झाक आहे असं पिणारे कौतुकानं सांगतात. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. बाटलीवर आता नाव ‘पिको’ असतं.

कोंडवाड्यात यंत्र शिरत नाही. ट्रॅक्टरला वळायला जागा नाही, पाण्याच्या नळ्या टाकायची सोय नाही. छाटणी वाकून, फवारणी वाकून. घड मातीला टेकू नयेत म्हणून फांद्यांना टेकू लावायचे, तेही वाकून. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात तोडणी होते. भरलेली खोकी एका भिंतीवरून पलीकडच्या माणसाच्या हातात, तिथून पुढच्याच्या, अशी रस्त्यापर्यंत जातात. हिवाळी वादळांत दर वर्षी कुठं ना कुठं भिंत ढासळते. ती पुन्हा रचायला सिमेंट चालत नाही, नियमानं नाही आणि वाऱ्याच्या हिशेबानंही नाही. पडलेल्या ढिगातून नेमका बसेल तो दगड हेरणारा माणूस लागतो. असे हात बेटावर आता थोडेच उरलेत, आणि ते बहुतेक म्हाताऱ्यांचे आहेत. त्यांच्या हाताखाली दोन-चार पोरं शिकताहेत.